उतारवयांतील तोल

ज्या घरांत साठी-सत्तरी ओलांडलेली आई, सासू किंवा आजी आहे, त्या घरांत एक वाक्य दिवसांतून दहा वेळां तरी कानीं पडतें : “आई, तुम्ही उठूं नका, मी देतें.” पाण्याचा पेला हवा असो, दारावरची घंटा वाजो, कीं दोरीवरचे कपडे काढावयाचे असोत, वडीलधाऱ्या बाईनें जागेवरून हलूं नये अशी सर्वांची प्रेमळ धडपड चाललेली असते. ती पडली तर काय होईल, ही धास्ती त्यामागें असते, आणि ती निराधार नाहीं. परंतु या प्रेमानेंच तिचें पडणें जवळ येतें असें मी म्हटलें, तर तें कित्येकांना विपरीत वाटेल. आजच्या भाषणांत मला हाच मुद्दा उलगडून सांगावयाचा आहे. आणि हातापायांच्या मेळाचे जे व्यायाम अशा स्त्रियांना उपयोगी पडतात, त्यांची ओळखही करून द्यावयाची आहे.

प्रथम त्या धास्तीविषयीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ६ लाख ८४ हजार माणसें पडल्यामुळें दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रम लागतो, आणि त्यांत साठीच्या पुढच्या माणसांचा भरणा अधिक असतो. स्त्रियांच्या बाबतींत यांत आणखी भर पडते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन नांवाचा अंतःस्राव शरीरांत फार कमी होतो. त्याच्या अभावीं हाडें विरळ होऊं लागतात. त्यामुळें तरुणपणीं जेथें गुडघा खरचटून निभावलें असतें, तेथें सत्तरीला मनगट किंवा खुबा मोडतो. खुबा मोडलेली कित्येक माणसें पुढें चालूं लागतात खरीं, पण पूर्वीसारखीं कोणाच्या मदतीवांचून हिंडूं-फिरूं शकत नाहींत.

आतां पुढची पायरी पाहा. एकदां पाय घसरला कीं बाईच्या मनांत भीति बसते. ती भिंतीला धरून चालूं लागते, जिना टाळते, देवळांत जाणें सोडते. घरचे लोक तिला दुजोरा देतात. महिन्या-दोन महिन्यांत मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू रोडावतात. एवढ्यावर तें थांबत नाहीं. तोल सांभाळणें ही नुसती ताकद नव्हे, ती एक कला आहे. आणि वापरांत नसलेली कला जशी हातची जाते, तशी तीही जाते. मग खरोखरीच उठावें लागतें त्या वेळीं, म्हणजे रात्रीं मोरीकडे जातांना, ती बाई पडते. घरचे म्हणतात, आम्ही सांगत होतों ना, उठूं नका म्हणून.

तोल म्हणजे काय, तें थोडें बारकाईनें पाहूं. उभा राहिलेला मनुष्य स्थिर असतो अशी आपली समजूत असते. ती खरी नाहीं. दोन लहानशा तळव्यांवर पांच-साडेपांच फूट उंचीचा हा डोलारा उभा असतो, आणि तो सारखा किंचित् पुढें-मागें, डावी-उजवीकडे झुलत असतो. या झुलण्याची बातमी मेंदूला तिघेजण देतात. पहिला बातमीदार डोळा. दुसरा कानाच्या अगदीं आंतल्या भागांत राहतो. तेथें द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशीं जवळजवळ काटकोनांत बसविलेल्या असतात. आपण डोकें वळविलें कीं नलिका वळतात, पण आंतला द्रव क्षणभर मागें रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यावरून वळणाची दिशा व वेग कळतो. त्यांच्या शेजारींच दोन चिमुकल्या पिशव्या असतात. त्यांत खडूच्या जातीचे सूक्ष्म कण असून डोकें कोणत्या बाजूला कललें आहे तें त्यांच्या भारावरून समजतें. तिसरा बातमीदार पायांत आहे. तळव्याची कातडी, घोट्याचे व गुडघ्याचे सांधे, त्यांभोंवतालचे स्नायू यांतील ज्ञानतंतू हे पायाखालची जमीन कशी आहे, शरीराचा भार कोणत्या बाजूला गेला आहे, याची वर्दी क्षणाक्षणाला वर पाठवीत असतात.

वय वाढतें तसे हे तिघेही थोडेथोडे मंदावतात. डोळ्यांत मोतीबिंदू येतो, कानांतील यंत्रणा झिजते, मधुमेह असला तर तळपाय बधिर होतात. पण बातमी अपुरी आली तरी आहे त्या बातमीवरून नेमका हुकूम सोडण्याचें काम मेंदू सरावानें शिकूं शकतो, आणि हें शिकणें साठीला किंवा ऐंशीलाही थांबत नाहीं. आजच्या विषयाचा सगळा आधार या एका गोष्टीवर आहे.

तोल जाऊं लागला म्हणजे शरीर तो कसा सांवरतें? झोला लहान असेल तर घोटे आवळून तेवढ्यावर भागतें. त्याहून मोठा असेल तर कमरेंतून वांकून भार मागें घ्यावा लागतो. त्यानेंही भागलें नाहीं तर एक पाऊल झटकन् टाकावें लागतें, आणि त्याच क्षणीं हात पसरतात किंवा जवळचा कठडा पकडतात. म्हणजे सांवरण्याच्या त्या अर्ध्या क्षणांत हात आणि पाय यांनीं एकमेकांना विचारत न बसतां एकदम काम करावयाचें असतें. नुसता पाय बळकट असून चालत नाहीं आणि नुसता हात चपळ असूनही चालत नाहीं. दोहोंचा मेळ लागतो. साधें चालणेंसुद्धां या मेळाचेंच उदाहरण आहे. उजवा पाय पुढें पडतो तेव्हां डावा हात पुढें येतो, आणि त्यामुळें धडाला बसणारा पीळ फिटतो. भ्यालेली बाई दोन्ही हात पोटाशीं घेऊन चालते. तिच्या चालीचा अर्धा तोल तेथेंच हरवलेला असतो.

शाळेंत मुलांची कवाइत घेतांना मीं एक मौज पुष्कळदां पाहिली आहे. जो मुलगा एरवीं अंगणभर वाऱ्यासारखा पळतो, त्याला “हात नीट हलव” असें बजावून सांगितलें कीं तो उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढें टाकूं लागतो! ज्या हालचालीकडे एरवीं लक्ष द्यावें लागत नाहीं, तिच्याकडे मुद्दाम लक्ष दिलें कीं ती बिघडते. म्हातारपणीं याच्या उलट अडचण असते. चालणें हेंच लक्ष देऊन करण्याचें काम होऊन बसतें, आणि मग दुसऱ्या कशासाठींही लक्ष उरत नाहीं. स्वीडनमधील कांहीं संशोधकांनीं १९९७ सालीं एक फार साधी गोष्ट प्रसिद्ध केली. वृद्धांच्या निवासांतील ५८ माणसांबरोबर चालतां चालतां त्यांनीं बोलणें काढलें. त्यांपैकीं १२ जण उत्तर देण्यासाठीं चालावयाचे थांबले. पुढल्या सहा महिन्यांत त्या १२ पैकीं १० जण पडले. कोणतेंही यंत्र नाहीं, कसली तपासणी नाहीं; एक प्रश्न आणि दोन पावलें. आपल्या घरांतील वृद्ध बाई बोलतांना मध्येंच थबकते काय, हें ज्याला त्याला पाहतां येईल. मात्र तिला न सांगतां पाहावें.

यावरून व्यायाम कसा असावा हेंही सुचतें. त्यांत पाय हवेत, हात हवेत आणि लक्ष दुसरीकडे गुंतविणारें कांहींतरी हवें. या तिन्ही गोष्टी एकत्र आणणारी एक पद्धति स्वित्झर्लंडमध्यें फार पूर्वींपासून चालत आली होती, परंतु ती वृद्धांसाठीं नव्हती. एमिल जाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) हे जिनीव्हाच्या संगीतशाळेंत अध्यापक होते. त्यांच्या विद्यार्थ्यांना लयीचें शास्त्र कळे, पण ती लय अंगांत उतरत नसे. म्हणून त्यांनीं विद्यार्थ्यांना पियानोच्या सुरावटीवर चालावयास लावलें. वाजविणारा लय बदली कीं चाल बदलावयाची, तो थांबला कीं थांबावयाचें, पाय एका मात्रेवर तर हात दुसऱ्या मात्रेवर. जिनीव्हा येथें १९१५ सालीं त्यांची स्वतंत्र संस्था निघाली. पुढें जवळजवळ शंभर वर्षांनीं त्याच शहरांतील डॉक्टरांना वाटलें, हें वृद्धांना शिकवून पाहावें. पासष्टीच्या वरच्या, पडण्याचा धोका असलेल्या १३४ व्यक्ति त्यांनीं निवडल्या; त्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें त्यांचे दोन गट केले. एका गटाला आठवड्यांतून एकदां, एक तास, असें सहा महिने हें शिक्षण दिलें. दुसऱ्याला तोंवर थांबविलें. २०११ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिकलेल्या गटाची चाल सुधारली, पावलें लांब पडूं लागलीं, चालतां चालतां दुसरें काम करतांना होणारी ओढाताण कमी झाली, आणि या गटांत पडण्याचें प्रमाण दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही थोडें कमी भरलें. आठवड्यांतून फक्त एक तास! एवढ्यावर हें घडलें, याचें मला नवल वाटतें.

पियानो आपल्या घरीं कोठून आणावयाचा, असें कोणी म्हणेल. माझ्या मतें त्याची गरज नाहीं. केरव्याच्या आठ मात्रा किंवा दादऱ्याच्या सहा मात्रा या कामाला उत्तम आहेत; तबला वाजविणारा नातू असला तर फारच छान, नसला तर टाळ्यांनीं भागेल. आणि हातांनीं एक व पायांनीं दुसरें करावयाची रीत आपल्या बायकांना कोणी शिकवावी अशी थोडीच आहे? मंगळागौरीच्या रात्रीं झिम्मा खेळतांना हात शेजारणीच्या टाळीवर असतात आणि पाय फेर धरीत असतात. टिपऱ्यांत तर समोरचीची टिपरी चुकवूनही चालत नाहीं. तोंडानें गाणें चालूच असतें, म्हणजे लक्ष गुंतविण्याचीही सोय झाली. लग्नानंतर पांच वर्षें हा खेळ खेळावा आणि मग तो माळ्यावर टाकावा, हा प्रघात मला चुकीचा वाटतो. सत्तरीच्या बाईनें फुगडी मात्र घालूं नये; गरगर फिरण्यानें कानांतील द्रव खवळतो आणि हात सुटला तर मागें पडावयास होतें. पण झिम्मा संथ लयींत, चौघींनीं, मोकळ्या खोलींत खेळावयास कांहीं हरकत नाहीं.

दुसरा दाखला न्यूझीलंडचा आहे आणि तो घरींच व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचा असल्यामुळें आपणांस अधिक जवळचा वाटेल. डनीडिन शहरांत २३३ स्त्रियांवर हा प्रयोग झाला, आणि त्यांतील प्रत्येकीचें वय ८० किंवा त्याहून अधिक होतें. निम्म्याजणींच्या घरीं व्यायामतज्ज्ञ बाई पहिल्या दोन महिन्यांत चार वेळां जाऊन ज्या त्या स्त्रीच्या शक्तीप्रमाणें पाय बळकट करण्याचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकवून आली. ते आठवड्यांतून तीन दिवस अर्धा-अर्धा तास करावयाचे, शिवाय बाहेर फिरावयास जावयाचें. उरलेल्या निम्म्याजणींना नेहमींची देखभाल व गप्पागोष्टींची भेट एवढेंच मिळालें. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेला वर्षाअखेरचा हिशेब असा : व्यायाम न करणाऱ्यांत १५२ वेळां पडणें झालें, व्यायाम करणाऱ्यांत ८८ वेळां. यानंतर निरनिराळ्या देशांत असे पुष्कळ प्रयोग झाले. २०१९ सालीं २५ देशांतील १०८ प्रयोगांचा एकत्र ताळा घेण्यांत आला, तेव्हां व्यायामानें पडण्याचें प्रमाण सुमारें २३ टक्क्यांनीं घटतें असें दिसलें. त्यांतही तोलाचे व्यायाम गुणकारी ठरले. नुसतें फिरावयास गेल्यानें तेवढेंच साधतें, याला मात्र तसा पुरावा मिळाला नाहीं. फिरावें, अवश्य फिरावें; पण फिरण्यानें तोलाचें काम झालें असें समजूं नये.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें सांगतों. व्यायामाच्या वेळीं घरांत कोणीतरी असावें, पायांत घसरत्या सपाता नसाव्या, साडीचा घोळ घोट्याच्या वर असावा. आरंभ बसून करावा. भक्कम खुर्चीवर थोडें पुढें सरून, पाठ ताठ ठेवून बसावें. उजवा हात व डावा गुडघा एकदम उचलून खालीं आणावा, मग डावा हात व उजवा गुडघा. असें दहा वेळां. हें सहज साधूं लागलें कीं हिशेब बदलावा : टाळी प्रत्येक मात्रेला, पाऊल एक मात्रा सोडून. पहिल्या दिवशीं पाय हाताचेंच ऐकतील आणि सगळें फिसकटेल, हंसूं येईल. त्या फिसकटण्यांतच शिकणें चाललेलें असतें, म्हणून सोपें वाटूं लागलें कीं पुन्हां हिशेब बदलावा. लेझीम शिकवितांनाही हेंच करावें लागतें. मुलांना एक हात साधला रे साधला कीं गुरुजी पुढचा काढतात.

मग उभें राहावें, तें स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर. ओटा हालत नाहीं, कमरेइतका उंच असतो आणि सांपडतोही सहज. ओट्यावर दोन्ही पंजे टेकून टाचा उचलाव्या, चवड्यांवर चार मात्रा राहावें, सावकाश उतरावें. पुढें एका हाताचाच आधार घेऊन एका पायावर भार द्यावा. दुसरा पाय बाजूला न्यावा आणि मोकळा हात त्याच्या विरुद्ध बाजूला खांद्यापर्यंत उचलावा. नंतर उभ्या पायाभोंवतीं जमिनीवर एक मोठें घड्याळ काढलें आहे अशी कल्पना करून मोकळ्या पायाचा अंगठा बारावर, तिनावर, सहावर टेकवून परत आणावा. दुसऱ्या माणसानें आंकडा पुकारला तर आणखी चांगलें. आधार कमी करण्याचा क्रम असा : आधीं पंजा, कांहीं दिवसांनीं दोन बोटें, मग एक बोट, शेवटीं हात ओट्यावर अधांतरीं. ज्यांना आपली आजची स्थिति अजमावयाची असेल त्यांनीं ओट्याजवळच एका पावलाच्या चवड्याला दुसऱ्या पावलाची टाच लावून उभें राहावें. दहा सेकंद आधारावांचून राहतां आलें नाहीं, तर पडण्याचा धोका अधिक आहे असें समजतात. अशा स्त्रीनें डॉक्टरांना विचारून व कोणाला तरी शेजारीं उभें करून व्यायाम करावे.

चालण्याचे व्यायाम शेवटीं. फरशीच्या रेघेवर टाचेला चवडा लावीत दहा पावलें जावें, एक हात भिंतीजवळ ठेवून. दोन खुर्च्यांभोंवतीं इंग्रजी आठाच्या आकारांत फिरावें. मराठी आठाचा येथें उपयोग नाहीं. वळणें हींच पडण्याचीं ठिकाणें असतात, म्हणून गर्रकन् न वळतां लहान लहान पावलांनीं वळावें. हें जमल्यावर त्यांत बोलणें मिसळावें. भाज्यांचीं नांवें घ्यावीं, किंवा शंभरांतून तीन-तीन वजा करीत जावें. हातांत अर्धा भरलेला पेला घ्यावा. सुरुवातीला सर्व मिळून दहा मिनिटें पुरेत. वाढवीत वाढवीत आठवड्यांतून तीन दिवस अर्ध्या तासावर यावें.

कांहीं स्त्रियांनीं मात्र आधीं डॉक्टरांकडे जावें. गेल्या वर्षांत एकदां तरी पडलेली, अंथरुणांतून उठतां भोंवळ येणारी, मध्येंच शुद्ध हरपणारी, छातींत दुखणारी, यांनीं माझ्या शब्दावर विसंबूं नये. रक्तदाबाच्या किंवा झोंपेच्या गोळ्यांनींही तोल जातो. त्या आपल्या मनानें बंद करावयाच्या नाहींत, पण डॉक्टरांच्या कानावर घालावयाच्या. आणि एकाएकीं शरीराची एक बाजू लुळी पडली किंवा जीभ जड झाली, तर तो तोलाचा प्रश्न नव्हे. तत्काळ रुग्णालय गांठावें.

घरच्या मंडळींकडे माझें मागणें असें आहे. मोरींतील फरशी कोरडी ठेवा, रात्रीं जाण्यायेण्याच्या वाटेवर दिवा ठेवा, कमोडच्या बाजूला पकडावयास दांडी बसवा, दुमडलेल्या सतरंज्या वाटेंतून काढा. आणि एवढें केल्यावर सासूबाईंना पाण्यासाठीं उठूं द्या. उठणें हाही एक व्यायामच आहे, आणि तो दिवसांतून वीस वेळां फुकट होतो.

शेवटीं एक गोष्ट राहिली, ती जमिनीवरून उठण्याची. कितीही काळजी घेतली तरी केव्हांतरी पडणें होईल, आणि पडलेल्या बाईला उठतां न आल्यामुळें तासन्तास फरशीवर पडून राहण्याची पाळी येते. पडल्याबरोबर उठूं नये. दोन मिनिटें स्वस्थ राहून हात, पाय, मान हलवून पाहावी. खुब्यांत कळ येत असेल, पाय उचलत नसेल, किंवा डोक्याला मार बसला असेल, तर उठण्याचा यत्न न करतां हांक मारावी. सर्व ठीक असेल तर कुशीवर वळावें, कोपरावर व दुसऱ्या तळहातावर भार देऊन बाजूला बसतें व्हावें, मग हात व गुडघे टेकून रांगत जवळच्या खुर्चीपर्यंत जावें. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवावे, जो पाय बळकट असेल त्याचें पाऊल पुढें जमिनीवर सपाट टेकावें, आणि हात व पाय यांनीं एकाच वेळीं रेटा देऊन उठावें, वळावें, बसावें. लगेच चालूं नये. ज्या बायका अजून जमिनीवर बसून भाजी निवडतात किंवा पूजा करतात, त्यांना यांतलें बरेंच येत असतें. इतरांनीं हा सराव महिन्यांतून एकदां जाड सतरंजीवर, दुसरें कोणी जवळ असतांना करावा. गुडघे फार दुखत असतील तर त्यांच्याखालीं उशी घ्यावी, आणि खुर्ची चाकांची नसावी.